सात पिढ्या आणि एक आई

रणधीरसाहेबांच्या कुत्र्यांच्या फार्मवर त्यांच्यापुढे कुणी तोंड उघडत नसे. त्यांच्या मिश्या पाहूनच मी दचकले आणि मांडीवर पिल्लू घेऊन खरेदीच्या कागदावर मुकाट सही करायला पेन उघडलं.

"याच्या सात पिढ्यांच्या वंशावळीचे कागद आहेत," साहेब म्हणाले.

माझ्यासोबत आलेली कुमुदआत्या तीस वर्षं बाळंतिणींच्या वॉर्डात नर्स होती. ती म्हणाली, "सात राहू द्या, एकच पिढी दाखवा. याची आई कुठंय?"

साहेबांनी एक गुबगुबीत, शांपू केलेली कुत्री आणवली. "ही. चॅम्पियन आहे."

आत्यानं पिल्लू उचलून अंगणात सोडलं. चॅम्पियनबाईंनी ते हुंगलं आणि तोंड फिरवलं. पिल्लू मात्र तुरुतुरु मागच्या कुलूपबंद शेडशी गेलं आणि दार खरवडू लागलं. आतून कुणीतरी कण्हलं. मी आत्याचा पदर घट्ट धरला.

आत्या दारापासून हलेना, तेव्हा साहेबांना कुलूप काढावंच लागलं. आत बरगड्या मोजून घ्याव्यात अशी एक कुत्री पडली होती. पिल्लू तिला लुचू लागलं.

मी पेनाला टोपण लावलं.

"म्हणजे माझ्या कागदांवर विश्वास नाही?" साहेब गुरगुरले.

"माझा आहे हो," आत्या म्हणाली, "पण पिल्लाला वाचता येत नाही ना."