सशिणीच्या गवतातला धागा

सर्व घरांची यादी कोळ्याला मी दिली. पुढे जे घडले त्यात माझा वाटा एवढा आहे आणि तो लहान नाही. म्हणून, मुलांनो, तो मी आरंभीच सांगते.

मी साळुंकी. पळसबनातल्या ओढ्याकाठी, एका जुन्या सागाच्या ढोलीत माझे घर आहे. तेथल्या पिल्लांना मी हाका शिकवीत असे. वानराची हाक कोणती, भेकराची कोणती, मोर सापाला पाहून ओरडला की बिबट्याला, हे ज्याला ओळखता येते त्याला धोका कोणत्या दिशेने येत आहे हेही कळते. या सर्व हाका मला हुबेहूब काढता येतात. एखाद्या पिल्लाचा स्वर किंचित चुकला, तरी तो सुधारेपर्यंत मी त्याला फांदीवरून उठू देत नसे.

पळसबनात दोन रिवाज होते. ओढ्यावर पाणी पिताना एका कुटुंबाने पहारा द्यायचा आणि बाकीच्यांनी निश्चिंतपणे प्यायचे. आज वानरांची पाळी असली, तर उद्या मोरांची. दुसरा रिवाज सशिणीचा. सशीण बीळ खणत नाही. ती पिल्लांना उघड्या गवतात ठेवते, दिवसभर त्यांच्यापासून दूर राहते आणि संध्याकाळी एकदाच येऊन दूध पाजून जाते. जागा कोणाला ठाऊक नसणे हेच त्या पिल्लांचे छप्पर असते. म्हणून तिला ‘पिल्ले कोठे आहेत?’ असे कोणीही विचारीत नसे.

एका हिवाळ्यात पिवळ्या पट्ट्यांचा एक मोठा कोळी ओढ्याकाठच्या अर्जुनवृक्षावर राहायला आला. तो कामसू होता आणि बोलायला नम्र होता. प्रत्येकाच्या दारापासून आपल्या झाडापर्यंत एकेक धागा बांधून देण्याची तयारी त्याने दाखवली. उंबरासारख्या फळझाडांवरही तो धागे लावणार होता. कोठे फळ पिकले की तो सर्वांच्या दारांचे धागे एकदा ओढणार होता आणि कोठे धोका दिसला की दोनदा. मोबदल्यात त्याला काहीही नको होते. फक्त कोणाचे घर कोठे आहे, हे त्याला कळायला हवे होते.

खारीला ही कल्पना फार आवडली. उंबर पिकला की नाही हे पाहायला रोज सात झाडे चढून तिचे पाय दुखत. वानरांचे आजोबा प्रथम कुरकुरले. पण पहाऱ्याची पाळी चुकणार हे कळल्यावर तेही राजी झाले. घरांची माहिती कोण देणार, असा प्रश्न निघाला, तेव्हा सर्वांनी माझ्याकडे पाहिले. मला प्रत्येक विद्यार्थ्याचे घर पाठ होते. नकार आला तो एकट्या सशिणीचा.

मी तिला समजवायला गेले. ती माझीच विद्यार्थिनी. मी तिला विचारले, की सर्वांनी मान्य केलेली गोष्ट तिलाच का खटकते. लपवण्यासारखे तिच्याजवळ असे काय आहे?

ती म्हणाली, “बाई, लपवावे असे वाईट माझ्याजवळ काही नाही. लपवून ठेवल्यावरच जगेल, असे चांगले मात्र आहे.”

मला हे उत्तर उद्धट वाटले. दुसऱ्या दिवशी मी कोळ्यासमोर यादी म्हटली. एकेचाळीस घरे, एकही चूक नाही. बेचाळिसावी जागा आली तेव्हा मी थांबायला हवे होते. करवंदीच्या जाळीपलीकडच्या उंच गवतात सशीण रोज संध्याकाळी जाते, हे मी उडताना कितीदा तरी पाहिले होते आणि रिवाजाप्रमाणे कधी कोणाला सांगितले नव्हते. परंतु अपुरी यादी देणे माझ्या स्वभावात नव्हते. मी तीही जागा सांगितली. कोळ्याने त्या गवतातून एक बारीक धागा नेला. सशिणीला याचा पत्ता नव्हता.

पहिले काही आठवडे सर्व छान चालले. फळे पिकल्याची बातमी घरबसल्या मिळू लागली. खार लठ्ठ झाली आणि ते ती कौतुकाने सर्वांना सांगत फिरे. ओढ्यावर जो तो आपल्या सवडीने येई आणि पाणी पिऊन निघून जाई. पूर्वी तेथे कोणाची आई आजारी आहे, कोणाचे पिल्लू पहिल्यांदा उडाले, हे कळत असे. आता शेजारच्या फांदीवरचे वानर बदलले, तरी कोणाच्या ध्यानात येत नव्हते. माझ्या शाळेत यायला पिल्ले कंटाळा करू लागली. वानरांचे एक पोर मला तोंडावर म्हणाले, की धागा असताना हाका पाठ करायच्या कशाला. शेवटी समोरची फांदी रिकामीच राहू लागली आणि मी शिकवणे थांबवले.

याच सुमारास कोल्हा अर्जुनवृक्षाखाली बसू लागला. तो येताना मांसाचा तुकडा आणी, त्यावर माश्या जमत आणि कोळ्याचे पोट बसल्या जागी भरे. कोल्ह्याने बदल्यात एवढेच मागितले, की धाग्यांवर पाय ठेवून बसू द्यावे. त्यांच्या थरथरीने त्याला म्हणे झोप चांगली लागत असे. कोळ्याला त्यात काही गैर दिसले नाही.

कोल्हा मुळीच झोपत नव्हता. खारीचा धागा पहाटेपासून हलतो, वानरांचा दुपारी थंडावतो, हे त्याने दोनतीन दिवसांतच ओळखले. एक धागा मात्र निराळा होता. तो दिवसातून एकदाच, संध्याकाळी, घटकाभर हाले. ज्या जागी कोणी राहत नाही आणि तरीही कोणीतरी रोज न चुकता येते, तेथे काय असते, हे कोल्ह्याला कोणी शिकवण्याची गरज नव्हती. तो धाग्याच्या कडेकडेने चालत गेला.

ती भर दुपारची वेळ होती. कोल्ह्याचा पाय गवतात पडताच धागा जोराने हलला आणि कोळ्याने आपला नियम तंतोतंत पाळला. क्षणात बेचाळीस धागे दोनदा ओढले गेले. धोका आहे हे सर्वांना एकाच वेळी कळले. खार ढोलीत आणखी आत सरकली. वानरे आणखी वरच्या फांदीवर गेली. धोका कोठे आणि कोणाला, हे धागा सांगत नव्हता, आणि सर्वांना कळवले आहे म्हणजे कोणीतरी जाईलच, असे प्रत्येकाला वाटले. मलाही वाटले. मीही ढोलीतच बसून राहिले.

मग करवंदीपलीकडून एक किंकाळी आली. ती इतकी लहान होती, की मला सर्व समजले.

मी उडाले आणि वानराच्या धोक्याची हाक माझ्या गळ्यातून दिली. पुन्हा दिली. आजोबांनी ती हाक जन्मभर ऐकलेली होती. धागा ओढूनही न हललेले म्हातारे त्या हाकेसरशी उठले आणि आपल्या कळपाला घेऊन फांद्या मोडीत गवताकडे धावले. कोल्हा पळाला. तीन पिल्लांपैकी दोन वाचली. तिसरे त्याच्या तोंडात होते.

सशीण आली तेव्हा मी तेथेच उभी होते. तिने उरलेल्या दोघांना हुंगले, गवतातला धागा पाहिला आणि मग माझ्याकडे पाहिले.

“बाई,” ती म्हणाली, “तुमची यादी अगदी बरोबर होती.”

इतकी वर्षे मी बरोबर उत्तरासाठी मुलांना शाबासकी दिली. या उत्तरापुढे मला मान वर करता आली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सर्वांना ओढ्यावर बोलावले. यादी मी दिली, सशिणीचा नकार असताना दिली, हे प्रथम सांगितले. कोळ्यालाही बोलू दिले. आपण कोल्ह्याला एकही घर सांगितले नाही, त्याने केवळ धाग्यावर पाय ठेवला, असे त्याचे म्हणणे होते. आजोबांनी त्याला विचारले, “अरे बाबा, ज्याच्या पायाखाली सगळ्यांची दारे आली, त्याला आणखी काय सांगायचे राहिले?”

खारीला धागे सोडवेनात. उंबराची बातमी मिळते, तर सगळेच का तोडायचे, असा तिचा हट्ट होता. पुन्हा सात झाडे चढायची का, असे तिने विचारताच मोर म्हणाला, की तिच्या पोटाकडे पाहता चौदा चढली तरी चालतील. काहीजण हसले. सशीण हसली नाही. पण खारीची मागणी तिने धुडकावलीही नाही. तिचे म्हणणे एवढेच होते, की झाड सर्वांचे असते, दार एकट्याचे असते.

त्यावरून ठरले ते असे. उंबरांच्या झाडांवरचे धागे राहतील आणि फळ पिकल्याची बातमी कोळ्याने ओढ्यावर पाणी प्यायला येणाऱ्यांना सांगायची. कोणाच्याही दारात धागा राहणार नाही, आणि दारातला धागा ज्याचा त्याने आपल्या दातांनी किंवा चोचीने त्याच दिवशी तोडायचा. अर्जुनवृक्षाखाली कोणालाही बसू द्यायचे नाही. ओढ्यावरच्या पहाऱ्याची पाळी पुन्हा सुरू करायची आणि पहिली पाळी वानरांनी घ्यायची. रोज सकाळी हाकांचा वर्ग भरेल. त्यात पिल्लांबरोबर थोरांनीही बसायचे. कोणाचे घर कोणी दुसऱ्याला सांगायचे नाही, मग विचारणारा कितीही भला असो. या शेवटच्या नियमाखाली पहिले नाव मी माझे घातले.

आजोबांनी मान्य केले. मोर, भेकर आणि सर्व पक्षी यांनी मान्य केले. खारीने उंबराचे धागे राहणार याची दोनदा खात्री करून घेतली आणि मान्य केले. कोळी म्हणाला, की त्याला झाडांपुरते काम पुरेसे आहे. सशीण सर्वांत शेवटी बोलली. ती आपली पिल्ले दुसरीकडे नेणार होती. कोठे, ते तिने सांगितले नाही आणि आम्ही विचारले नाही. तिने होकार दिला.

तात्पर्य : कोणतीही सोय स्वीकारताना ती कोणाच्या दारातून जाते हे आधी पाहावे, आणि दुसऱ्याची खाजगी गोष्ट आपल्याला ठाऊक असली, तरी ती देऊन टाकण्याचा अधिकार आपला नसतो.