शालनच्या शंखाचा छाप

"शाई म्हणावी तर नवी आणली. कागद म्हणावा तर तुमच्याच पेटीतला. मग चाचा, एवढी एकच जागा कोरी का राहते?"

मुकुंदशेठ रेडीजांनी अकरा छाप चाचांच्या पडवीत ओळीनं मांडले. अकराही एकाच शंखाचे. आणि अकरांतही, शंखाच्या पोटापाशी, अंगठ्याएवढी जागा पांढरी.

शमसुचाचांनी छापांकडे बघितलं न बघितलंसं केलं. ते शेठच्या हातांकडे बघत होते.

मुकुंदशेठचं बंदरावर शंखशिंपल्यांचं दुकान. शाळा सातवीपर्यंत, पण शंख तळहातावर ठेवला की तो कुठल्या किनाऱ्यावरचा, हे ते डोळे मिटून सांगायचे. ही जपानी छपाई ते चाचांकडे शिकले. चाचा खलाशी होते. तरुणपणी त्यांचं जहाज दुरुस्तीसाठी तीन महिने जपानच्या एका बंदरात अडकलं, तेव्हा तिथल्या एका म्हाताऱ्या मासेवाल्यानं त्यांना ती शिकवली. माशाला शाई लावायची, वर कागद दाबायचा, मासा जसाच्या तसा कागदावर. मग तोच मासा स्वच्छ धुऊन, शिजवून, दोघांनी बसून खायचा. शंखाला मात्र शाई लावायची नाही. त्यावर ओला पातळ कागद घालायचा, बोटांनी दाबत दाबत शंखाच्या अंगाला चिकटवायचा आणि शाईत बुडवलेल्या रेशमी पुरचुंडीनं वरून हलके थोपटायचं.

शेठना ते चटकन जमलं. त्यांनी छापलेला खेकडा दुकानाच्या भिंतीवर होता, तर एका गिऱ्हाइकानं त्याला हुसकायला झाडू मागितला. हा किस्सा शेठ येईल त्याला ऐकवत. चाचांनाही तीनदा ऐकवून झाला होता.

एकच गोष्ट राहिली होती. छापाच्या कोपऱ्यात आपला तांबडा शिक्का मारायचा, तो गुरूनं 'मार' म्हटल्यावर. चाचांनी अजून म्हटलं नव्हतं. शेठनी शिक्का मात्र केव्हाच कोरून घेतला होता. आजही तो खिशात होता.

"कोऱ्या जागेचं काय करता मग?" चाचांनी विचारलं.

"ब्रशनं भरतो. कुणाच्या बापाला कळत नाही."

"मग अडलं कुठं?"

शेठनी शंख उचलून मांडीवर घेतला.

शंख शालनचा होता. शेठच्या बायकोचा. लग्न नवं होतं तेव्हा भरती ओसरली की दोघं पुळणीवर जात. शेठ दुकानासाठी गोणी भरत. शालन सगळा किनारा फिरून एकच काहीतरी उचली आणि घरी येईपर्यंत मुठीत धरून ठेवी. हा शंख तिनं असाच आणलेला. तिला जाऊन आता तीन वर्षं झाली होती. मुलगी नीलम रविवारी मस्कतला परत निघणार होती. आईची एवढीच वस्तू तिनं मागितली आणि शेठ नाही म्हणू शकले नव्हते.

"रविवारनंतर माझ्याकडे हा कागदच राहणार, चाचा. त्यात माझ्या ब्रशचं काही नको. तिचा आहे तसा हवा."

"माझ्यासमोर काढा एक."

शेठनी बाह्या सारल्या. शंख वाळूच्या उशीवर ठेवला. कागद भिजवून वर घातला. बोटं चालू लागली... वरच्या टोकापासून, एकेका वेढ्यावरून, सावकाश. पाहत राहावं असा हात होता.

"बोट उचललंत," चाचा म्हणाले.

"छे."

"पुन्हा."

बोटं पुन्हा वरून निघाली. पोटापाशी आली आणि पाणी साचलेला खड्डा ओलांडावा तशी पलीकडे गेली.

या वेळी शेठनाही दिसलं.

"काय आहे तिथं?" चाचांनी विचारलं.

"काही नाही..." शेठ म्हणाले. "चीर आहे."

पडवीबाहेर वाळत घातलेलं जाळं वाऱ्यानं हलत होतं.

मग शेठ आपणहून बोलले. ऐन हंगामाचे दिवस, दुकानात गर्दी. शालननं शंख गल्ल्याशेजारी ठेवलेला. एका बाईनं तो मागितला. शालन म्हणाली, हा विकायचा नाही. गिऱ्हाईक फिरलं. शेठचं डोकं सणकलं. दुकानात ठेवलेलं सगळं विकायचंच असतं, असं म्हणून त्यांनी शंख उचलला आणि मालाच्या टोपलीत भिरकावला. आवाज झाला. शालननं तो शोधून काढला, पदरानं पुसला आणि घरी कपाटात नेऊन ठेवला. भांडली नाही. दुसऱ्या दिवशी ओहोटीला बरोबरही आली. पुढं सव्वीस वर्षं येत राहिली.

"पण चाचा... नंतर ती पुळणीवर काही उचलायला कधी वाकली नाही."

चाचांनी शेठची तर्जनी धरली, ओल्या कागदावरून त्या जागी नेली आणि वर आपला हात ठेवला. शेठचं बोट ताठरलं. चाचांनी हात काढला नाही.

बऱ्याच वेळानं बोट सैल पडलं. चिरेच्या या काठावरून त्या काठावर गेलं. परत आलं.

मग चाचांनी पुरचुंडी पुढं सरकवली. शेठनी शाई थोपटली.

कागद सुटा झाला तेव्हा शंखाचा वेढा न् वेढा उठला होता. कोरी जागा नव्हती. पोटावरच्या काळ्या रेघांमधून केसाएवढी एक पांढरी रेघ वाकडी होत खाली गेली होती.

शेठ बघत राहिले. हात सवयीनं ब्रशकडे गेला. निम्म्यातून परत आला.

त्यांनी खिशातून शिक्का काढला. एरवी छापाआधी शिक्का दाखवणारा माणूस, आज त्याला मूठ उघडायलासुद्धा वेळ लागला.

"चाचा... आता शिक्का मारू?"

चाचांनी त्या पांढऱ्या रेघेकडे एकदा बघितलं, शंख कोरड्या फडक्यात गुंडाळला आणि शेठच्या दुसऱ्या हातात ठेवला.

"कशाला, शेठ? तुमचा आहेच की त्यावर."