साम्याचं तास

टेकडीवरची ती रेघ बघा. भेग नव्हे, नांगराचं तास आहे ते, काळ्या खडकात. या बाजूनं चढतं आणि माथा ओलांडून पलीकडे उतरतं. शिकलेले म्हणतात पाण्यानं कोरलं. पाणी चढाला कधीपासून वाहायला लागलं?

फार जुनी गोष्ट. कुणा राजानं इथलं शेत एका बड्याला दान दिलं म्हणे, तांब्याच्या पत्र्यावर कोरून. शेत, बैल आणि कसणारी चार घरं. माणसंही शेताबरोबर गेली. त्यांनी शीव ओलांडायची नाही. आणि या शेताचा नांगर लागेल तिथवर शेत, असंही त्यात कोरलेलं. मागे एक प्राध्यापक आले होते. म्हणाले, त्याच सुमाराला रोमच्या राज्यातही कुळं अशीच जमिनीला जखडलेली असत. असतील. मालक तिकडचे काय वेगळे?

त्या चार घरांतला एक साम्या. मालकाच्या पाया पडून पडून त्यानं लेकीला, गोधाला, सोडवून घेतलं आणि पलीकडच्या कुंभाराला दिलं. साऱ्या घरात तेवढी एक मोकळी. बाळंतपणात ती तापानं फणफणली. निरोप आला, बा, तुला एकदा बघायचंय. साम्या मालकाच्या कारभाऱ्यापुढे हात जोडून उभा राहिला.

"जा की," कारभारी हसला. "नांगर जाईल तिथवर जा. तेवढीच तुझी धाव."

साम्यानं ते खरंच धरलं. बैल जुंपले आणि नांगर टेकडीला लावला. खडक फाटत गेला, असं सांगतात. कसा, ते मला विचारू नका. माथ्यावर एक बैल कोसळला, तर त्याच्या जागी यानं मान दिली. तिसऱ्या दिवशी दुपारी नांगर लेकीच्या उंबऱ्याला टेकला. गोधा जिवंत होती. तिनं पोर बापाच्या मांडीवर ठेवलं.

तासामागून कारभारी आलाच.

"शाबास रे साम्या! शेत वाढवलंस."

घर शेतात आलं. म्हणजे लेक शेताची, नऊ दिवसांचं पोरही शेताचं.

गोधा रडली नाही म्हणे. बापाच्या मातीनं भरलेल्या पायांकडे बघत एवढंच म्हणाली, "बा, पाय तरी धुऊन यायचं होतंस."

आता मधे शीव नव्हती. साम्याला रोज जाता आलं असतं. तो पुन्हा त्या दारात गेला नाही.

आजही आमच्यातला बाप लेकीच्या सासरी निघाला की खालच्या ओढ्यावर थांबतो. वहाणा झटकतो, पाय घासून धुतो, नखातली मातीसुद्धा काढतो. हसू नका. ज्यांना लेकी आहेत त्यांनी पाय धुऊनच गाडीत बसा.