लुकानानाची गुरुवारची दोरी

फार वर्षांपूर्वी, आंबीटाकळीच्या विहिरींवर मोटा चालायच्या तेव्हा, गावात लुका कसबे नावाचा दोर वळणारा राहत होता. त्याला सगळे लुकानाना म्हणत. त्याने वळलेला नाडा मोटेला बांधला की बैल म्हातारे व्हायचे, पण नाडा तुटायचा नाही, असं म्हणतात. बैलांना कोणी विचारलं नव्हतं, पण म्हणतात.

लुकानाना ख्रिस्ताचा माणूस. देवावर जीव टाकणारा. पण रविवारी सकाळच्या उपासनेला तो दिसायचा नाही. रविवारी तालुक्याचा बाजार असायचा आणि दोर वळणाऱ्याची चूल त्या बाजारावर पेटायची. म्हणून नानाने देवासाठी गुरुवार ठरवला होता. गुरुवारी उन्हं कलली की त्याच्या अंगणात माणसं जमायची. नाना घायपाताच्या तंतूंचा वाख मांडीशी घेऊन बसायचा आणि धाग्याला धागा जोडत जायचा. दुसऱ्या टोकाला एकजण लाकडी फिरकी फिरवत उलट पावलांनी मागे मागे सरकायचा. दोरी लांबत जायची. ती भुईला टेकू नये म्हणून बाकीचे तिला मधे मधे तळहातावर धरून उभे राहायचे, आणि सगळे मिळून गायचे. नाना एखादं वचन सांगायचा, कोणी तापाने फणफणलेल्या लेकरासाठी प्रार्थना मागायचं, की पुन्हा गाणं. एवढीच त्यांची उपासना.

गावचे पाळक होते शांतवन भिंगारदिवे. माणूस लोण्यासारखा मऊ, पण नियमाला पक्का. ते म्हणाले, "नाना, तुमच्यासाठी मी रविवारची उपासना पहाटे घेतो. मग बाजाराला जा."

आता नानाला सबबच उरली नाही. तो ख्रिस्ताच्या मंदिरात गेला आणि बाकावर बसला. शेजारी मंडळीचे पंच एलीशाबाबा, खांद्यावर झालरीचं नवं उपरणं घेऊन. प्रार्थना लांबली. डोळे मिटलेले, हात रिकामे. रिकाम्या हातांना बोटाजवळ झालर सापडली, आणि बोटांनी आपलं काम सुरू केलं. 'आमेन' म्हणून नाना उठला तर एलीशाबाबांचं उपरणं त्याच्या घोंगडीला वळून एक झालेलं. उपरणं निघालं, आणि त्याच्या झटक्याने बाबांचं पागोटंही. सगळं मंदिर हसलं. असं म्हणतात, की त्या दिवशी खांबावरची पालसुद्धा चुकचुकायची थांबली.

एलीशाबाबा मात्र हसले नाहीत. म्हणाले, "सुंभ जळेल, पण ह्याचा पीळ जायाचा न्हाई."

पाळकांनी नानाला बाजूला घेतलं. नाना खाली बघत म्हणाला, "सायेब, हात रिकामं राह्यलं की मन बाजारात जातंय. हातात वाख असला मंजी ते बी देवापाशी गप बसतं. म्या काय करू?"

पाळकांना त्याची दया आली. पण पंचांनी ठराव केला. नाना आणि त्याची गुरुवारची माणसं रविवारी बाकावर बसली नाहीत, तर येत्या प्रभुभोजनाला त्यांना भाकर नाही, प्याला नाही, आणि मंडळीतलं नावही जाईल. ही बातमी कानी आली त्या दिवशी नाना जेवला नाही. बायको सलोमीने विचारलं तेव्हा म्हणाला, "बसाया काय, बसंन मी. पर मन बाजारात ठिवून त्यो प्याला तोंडाला लावला, तर ते देवाशी खोटं बोलणं व्हईल. आन प्याल्याबिगर ऱ्हावत बी न्हाई." असा तो दोहोंकडून अडकला होता.

पुढच्या गुरुवारी भीतीने कोणी आलं नाही. अंगणात नाना वाख जोडत होता आणि सलोमी फिरकी फिरवत होती. नाना डोळे मिटून गात होता. तेवढ्यात पाळक ठराव रीतसर सांगायला आले. ते काही बोलणार, तर सलोमी म्हणाली, "सायेब, भाकर करपतीया. हे जरा धरा. सोडू नगा, न्हाईतर समदा पीळ उलगडंल."

पाळकांनी फिरकी धरली. चांगल्या माणसाचं असंच होतं, नाही म्हणायच्या आत हातात काहीतरी येतं. ते फिरकी फिरवू लागले आणि दोरी लांबली तसे मागे सरकू लागले. हात सोडता येईना, आणि गाणं चालू असताना ठराव सांगता येईना. थोड्या वेळाने तेही गाऊ लागले.

मग नवल झालं. नानाच्या मांडीशी ओंजळभर वाख होता, तो संपेना. पाळक अंगणाबाहेर गेले, गल्ली ओलांडली. दोरी खाली येते असं दिसलं की एकेका दारातून कोणीतरी धावत यायचं आणि तळहात पुढे करायचं. घाबरून घरी बसलेले आले. औत सोडून आलेले शेतकरी आले, देवीचा पुजारी आला, त्याला गाणं येत नव्हतं तर तो नुसता हुंकार देत होता. दोरी बाभळीच्या काट्यांतून गेली आणि कुठे अडकली नाही, ओढ्यावरून गेली आणि भिजली नाही, असं म्हणतात. पाळक उलटे चालले होते, त्यांना मागचं काही दिसत नव्हतं, फक्त समोरची माणसं दिसत होती. इतकी माणसं त्यांना रविवारी कधी दिसली नव्हती. त्यांचे डोळे भरून आले. शेवटी त्यांची पाठ कशाला तरी लागली. ते मंदिराचं दार होतं.

दार उघडून एलीशाबाबा बाहेर आले.

"बाबा," पाळक म्हणाले, "आतून भाकर आणि प्याला आणा. मला हात सोडता येत नाही."

"आज गुरुवार हाय, सायेब."

"ठाऊक आहे."

बाबांनी दारापासून ओढ्यापलीकडे गेलेली ती रांग पाहिली. मग आत गेले. भाकर आणि प्याला घेऊन आले, पाळकांनी आशीर्वाद म्हटला, आणि पहिला घास बाबांनीच स्वतःच्या हाताने शेजारच्याला दिला. एका हातात दोरी, दुसऱ्या हाताने पुढच्याला प्याला, असं करत प्याला ओढा उतरला, गल्ली चढला आणि नानाच्या अंगणात सलोमीच्या हाती आला. इतक्या ओठांना लागूनही तो भरलेलाच होता, असं म्हणतात.

नानाने डोळे उघडले. समोर सलोमीच्या हातात प्याला होता. तो घोटभर प्यायला, रडला, आणि मग एकदम दचकून म्हणाला, "आन मंग फिरकीवर कोन हाय?"

"पाळकसायेब."

"आरं द्येवा," नाना म्हणाला. "त्यांचं हात दुखलं आसतील की गं."

ठराव पुन्हा कोणी काढला नाही. नाना पुढे पुष्कळ जगला आणि मंडळीच्याच जागेत त्याला मूठमाती मिळाली.

आंबीटाकळीत आजही रविवारची उपासना होते, बाकं भरतात आणि ज्यांना ती गोड वाटते ते तिथे सुखाने बसतात. पण सुगी संपल्यावरच्या पहिल्या गुरुवारी नानाच्या नावाची दोरी निघते. नवीन पाळक आला की त्याच्या हाती आधी फिरकी देतात आणि त्याला उलट पावलांनी मंदिरापर्यंत चालवतात. तिथून भाकर आणि प्याला हातोहात निघतो. नानाच्या जागेवर, दोरीच्या अगदी शेवटच्या टोकाला, दरवर्षी मुद्दाम अशाच कोणाला तरी बसवतात, जो वर्षभर मंदिरात दिसलेला नसतो. प्याला त्याच्यापर्यंत पोचेस्तोवर कोणी घरी जात नाही. आणि रविवारी कुठे होतास, असं त्याला कोणी विचारत नाही.