दौलूची चोरवाट आणि हौसाबाईचे डोळे

डोंगराच्या पायथ्याला एक गाव होतं. तिथं हौसाबाई नावाची एक सासू राहायची आणि स्वप्नाली नावाची तिची सून. सासू-सून म्हटल्यावर तुमच्या कानात लगेच भांडी आपटायला लागली असतील. तसं काही नव्हतं. घरात भांडण नव्हतं, कारण बोलणंच नव्हतं. भांडायलासुद्धा थोडी ओळख लागते. मुलगा उमेश टेम्पो घेऊन सारखा बाहेरगावी. घरात या दोघी, आणि दोघींमध्ये ‘मीठ बरोबर आहे का’ आणि ‘आहे’ एवढंच काय ते बोलणं.

एकदा उमेशनं व्हिडिओ गेमचं यंत्र आणलं. आणलं स्वतःसाठी, पण खेळायला सवड कुठली? टीव्हीला जोडून दिलं आणि गेला टेम्पो घेऊन. सोबत ‘चोरवाट’ नावाचा एक खेळ होता. जुना काळ, एक गड आणि दौलू नावाचा हेर. दौलूकडं एक दोर आणि एक खंजीर. पहाऱ्यातून निसटायचं, गड चढायचा आणि कैदेतल्या धन्याला सोडवायचं.

भाकऱ्या झाल्यावर स्वप्नाली खेळायला बसली आणि पहिल्याच दरवाजात पकडली गेली. पुन्हा बसली, पुन्हा पकडली गेली. मागं हौसाबाई लसूण सोलत बसली होती. शेवटी तिला राहवेना.

“तो दाढीवाला थुंकायला वळतो बघ. तेव्हा पळ.”

स्वप्नाली थांबली. दाढीवाला वळला, थुंकला. दौलू आत! स्वप्नालीनं मागं वळून पाहिलं. लग्नाला दोन वर्षं होत आली होती, पण सासूचा चेहरा तिनं असा नीट पहिल्यांदाच पाहिला. लसूण तसाच राहिला आणि त्या संध्याकाळी दोघी दुसऱ्या दरवाजापर्यंत पोचल्या.

हौसाबाईचे डोळे म्हणजे काय सांगावं! तिला जवळची सुई ओवता येत नसे, पण समोरच्या डोंगरावरची शेळी कुणाची ते ती ओट्यावरून सांगे. तिचं माहेर एका जुन्या गडाखालचं. लहानपणी शेळ्या राखल्या त्या गडाच्या अंगावरच. त्यामुळं भिंत पाहिली की कुठं ओल झिरपते, कुठं मोरी असणार, कुठला दगड सुटा आहे, हे तिला आपोआप कळे. बोटं सुनेची आणि नजर सासूची, असा दौलू गड चढला. खेळही तसा गुणी होता बरं. कुठं जायचं ते सांगत नसे. बघा, थांबा, चुका, पुन्हा बघा. ज्यानं कुणी बनवला त्याला खेळणाऱ्याच्या अकलेवर विश्वास होता. धनी सुटला त्या दिवशी हौसाबाईनं शिरा केला आणि दोघींनी कढईतूनच खाल्ला.

मग दुसरा भाग आला, तिसरा आला. दौलू नव्या गडांवर गेला आणि घरात बोलणं वाढलं. पहारेकऱ्यांवरून सुरू झालेलं बोलणं माहेरावर गेलं, माहेरावरून नवऱ्यांवर गेलं. शेजारणी म्हणायच्या, या दोघींचं गूळपीठ जमलंय अगदी.

चौथ्या भागापासून मात्र खेळानं बाळसं धरलं. दौलूला घोडा मिळाला, बंदूक मिळाली, जहाज मिळालं. आणि पडद्यावर एक सोनेरी बाण आला. कुठं जायचं ते बाण दाखवी. पहारेकरी भिंतीआडून लाल दिसत. कुणी वळायच्या आधी खेळच सांगे, आता वळणार. चूक होईल तर शपथ!

मग हौसाबाईनं काय बघायचं? सुरुवातीला ती म्हणायची, “तिकडं मोरी असेल.” तोवर बाण मोरीपाशी पोचलेला. हळूहळू ती गप्प झाली. स्वप्नालीला वाटलं, वय झालं, डुलकी लागत असेल.

सातवा भाग तर थाटाचा होता. हत्ती काय, तोफा काय, समुद्राचं पाणी तर असं की पदर ओला होईल. स्वप्नालीनं मनापासून वाहवा केली. आणि तोंडावर हात धरून जांभई दिली. तिचं तिलाच कळेना. इतका मोठा खेळ, इतक्या लोकांनी राबून केलेला, आणि मलाच गोडी का लागत नाही? सांगायचं तरी कसं? सातवा भाग खुद्द आत्याबाईंनी, म्हणजे सासूनंच, उमेशच्या मागं लागून मागवलेला, हातावर पेढा ठेवून दिलेला. नाही म्हणावं तर सासूचं मन मोडणार, आणि पुन्हा घरात ते ‘मीठ बरोबर आहे का’ सुरू होणार. त्याची तिला फार भीती वाटत होती.

म्हणून ती सबबी सांगू लागली. आज पापड लाटायचेत. आज डोकं दुखतंय. आज वीज जाईल असं वाटतंय. वीज बिचारी कुठंच जात नव्हती.

हौसाबाईला कळायचं ते कळलं, पण उलटंच कळलं. सुनेला आपला कंटाळा आला, असं तिनं धरलं. एके दिवशी दुपारी तिनं पिशवीत दोन लुगडी भरली आणि चपला पायात घातल्या. भावाकडं निघाले म्हणाली, महिना-दोन महिने राहीन म्हणाली. स्वप्नालीनं पिशवीला हात घातला. का निघालात, ते तिनं दोनदा विचारलं.

“तुझा दौलू मोठा झाला गं. त्याला आता वाट सांगावी लागत नाही. मी मागं बसून काय करू?”

आता गंमत बघा. इथं गोड बोलून वेळ मारून नेणं सोपं होतं. ‘असं कसं आत्याबाई, बसा, आत्ताच खेळू’ म्हटलं असतं तर पिशवी खाली आली असती. आणखी दोन भाग तसेच जांभया देत गेले असते. तोंडावर आलेला तो शब्द स्वप्नालीनं गिळला. तिनं सरळ सांगितलं.

“आत्याबाई, मला हा खेळ आवडत नाही आता. चौथ्या भागापासूनच नाही. तुम्ही हौसेनं मागवता म्हणून खेळते.”

हौसाबाई उंबऱ्यावरच बसली. मग म्हणाली, “आणि मी तुझ्यासाठी मागवते. मग सांगायला काय झालं होतं?”

“तुम्हाला वाईट वाटलं असतं.”

“वाटलं असतं की. वाईट वाटून माणूस मरत नाही, पोरी. न बोलून मरतं.”

मग दोघी रडल्या, आणि रडून झाल्यावर पोट दुखेपर्यंत हसल्या. स्वप्नाली म्हणाली, पहिलाच भाग काढू पुन्हा. हौसाबाईनं मान हलवली. ते पहारेकरी आता पाठ झालेत, त्यांची कीव येते म्हणाली. मग तिनं पिशवीकडं पाहिलं आणि म्हणाली, भरलीच आहे तर तुझंही एक लुगडं टाक, दोघी जाऊ.

अशा त्या दोघी हौसाबाईच्या माहेरी गेल्या. गावाच्या डोक्यावर तो गड होता. शेळ्यांची वाट अजून चालू आहे, असं भावानं सांगितलं. हौसाबाईचे गुडघे काही ती वाट चढणारे नव्हते. ती खाली उंबराच्या झाडाखाली दगडावर बसली, फोन कानाला लावला आणि सुनेला वर धाडलं.

“डावीकडं. आता थांब. कातळात खोबणी दिसते? आधी काठी घाल, विंचू असतो. मग हात घाल.”

अर्ध्यावर एका अरुंद पट्टीवर स्वप्नाली अडली. इथं बाण नव्हता. इथून पडलं तर खेळ पुन्हा पहिल्यापासून सुरू होत नाही. ती डोळे मिटून कातळाला चिकटली आणि फोनवर म्हणाली, मला जमणार नाही.

“घाई नको करू. मी बघतेय,” खालून आवाज आला. “पुढच्या दगडावर पाय दे. हलत नाही तो, मी त्यावर बसून जेवलेय.”

स्वप्नालीनं पाय दिला. दगड हलला नाही. ऊन कलायच्या आत ती बुरुजावर पोचली. खाली उंबराखाली हिरवं लुगडं एवढंसं दिसत होतं. पोचले, असं सांगायला तिनं तोंड उघडलं तर हौसाबाईच आधी बोलली, “दिसलीस गं, दिसलीस.”

सातवा भाग त्यांनी भावाच्या नातवंडांना देऊन टाकला. ती पोरं त्यावर खूश आहेत. का नसावीत? खेळ चांगलाच होता, फक्त या दोघींचा राहिला नव्हता. पुढं उमेशचा फोन आला, आठवा भाग निघालाय, आणू का? हौसाबाई म्हणाली, “तो राहू दे. सुनेच्या मापाचे चांगले बूट आण. पलीकडं अजून दोन गड आहेत.”

तात्पर्य: गोडी संपलेला खेळ खुशाल सोडावा, पण ज्याच्या सोबतीनं तो गोड लागला, त्याला खरं सांगावं आणि त्याचा हात सोडू नये.