मोटारीच्या चाकावरचं लोणी

कोंडवली संस्थानच्या राजेसाहेबांच्या मोटारीचं पेट्रोल कोणीतरी चोरत होतं. दिवाळीपर्यंत एका डब्यात मोटार भैरोबाच्या टेकडीवर चार खेपा करायची. आता दुसऱ्या खेपेलाच टाकी कोरडी! मोटार तशी म्हातारी, पण राजे रणधीरराव तिच्याबद्दल वावगा शब्द खपवून घेत नसत. म्हणजे चोर माणूसच असणार, आणि टाकीजवळ जाणारा माणूस एकच, ड्रायव्हर दौलत.

"उद्या दुपारी पानावर बसायच्या आत चोर आमच्यासमोर उभा कर," रणधीरराव गरजले, "नाहीतर बिऱ्हाड उचल आणि संस्थानच्या हद्दीबाहेर हो! आणि खबरदार कुणी गाडीला हात लावला तर. मागे त्या मिस्त्रीनं उघडली आणि बंद केल्यावर ओंजळभर स्क्रू उरले!"

गाडीला हात न लावता गाडीतला चोर धरायचा! दौलत तोंड पाडून घरी आला. बायको सुंद्रा ताक घुसळत बसली होती. राजवाड्याच्या मुदपाकखान्यात रोजचं दूध-लोणी तिच्याच घरून जाई, त्यामुळे राजवाड्याचा धाक तिला गावापेक्षा जरा कमीच होता.

"तुमी चोरलं का?" रवी न थांबवता तिने विचारलं.

"सुंद्रे!"

"न्हाई ना? मग रडताय कशापायी? गाडी कशी चालती ते सांगा."

दौलतने सगळं सांगितलं. इंजिन ठणठणीत होतं. पण मागून कोणी ओढून धरल्यासारखी गाडी जड चालायची, उतारावर सोडली तरी पळायची नाही, आणि टेकडीवर पोचली की करपल्याचा वास यायचा.

"आन् अजून एक. गाडी लावताना म्या हातब्रेकचा दांडा वढाया जातो, तर त्यो आधीच वर आल्याला असतो. वाटतं, निघताना सोडायचा इसरलोच."

"तुमच्या शेजारी कोण बसतं?"

"म्हाराज. आधी मागं बसायचे. दिवाळीपासनं पुढं बसत्यात, रयतेला दर्शन व्हावं म्हणून. दांडा आमच्या दोघांच्या मधीच असतो."

"मग ते काय करत्यात, ते दिसत न्हाई व्हय तुमास्नी?"

दौलतने कानाला हात लावले. संस्थानचा रिवाज कडक होता. स्वारी निघाली की ड्रायव्हरने समोरचा रस्ता सोडून नजर हलवायची नाही. राजाच्या अंगाकडे पाहणं म्हणजे बेअदबी.

सुंद्राची रवी थांबली. घर, गोठा, म्हातारी सासू हे सगळं उचलून जायचं कुठे, हा विचार तिची पाठ सोडत नव्हता. पण त्याच वेळी ओठाच्या कोपऱ्यात हसूही येत होतं, आणि ते काही केल्या दबेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती लोण्याची वाटी आणि दुधाचं मडकं घेऊन राजवाड्यापुढे हजर झाली. पौषातली थंडी, लोणी दगडासारखं घट्ट.

"सरकार, रोजच्यावानी भैरोबाला जाऊन यावं. म्या गाडीला बोटसुदिक लावणार न्हाई."

मोटार गेली आणि घरघरत परत आली. सुंद्राने पळीने चारी चाकांच्या मधोमध लोण्याचा एकेक गोळा थापला. पुढच्या चाकांवरचे गोळे तसेच बसून राहिले. मागच्या दोन्ही चाकांवरचं लोणी मात्र बघता बघता पाघळलं, धारेने खाली उतरलं आणि अंगणभर तूप कढवल्याचा वास सुटला.

"सरकार, चोर मागच्या चाकांपाशी हाय," सुंद्रा म्हणाली. "ब्रेक त्यास्नी धरून ठेवतोय, आन् इंजिन बिचारं फरफटत नेतंय. तुमचं पेट्रोल त्यातच जळतंय."

"म्हणजे दौलतच! ब्रेक लावून गाडी हाकतोस काय रे?"

दौलतचा चेहरा पांढराफटक पडला.

"चाकं निवू द्या, आन् अजून एक खेप करा," सुंद्रा घाईने म्हणाली. "ह्या वक्ताला हे दूध भैरोबाला दाखवून आणायचं. मडकं काठोकाठ भरलंय. देवाचं दूध सांडाया नगं, म्हणून सरकारांनीच मांडीवर घिऊन दोनी हातांनी धरावं. दुसऱ्या कुणाचा मला भरवसा न्हाई."

दिवाणखान्यात वाघाच्या शिकारीच्या चौदा तसबिरी लावणाऱ्या राजाला मडकं धरायला नाही म्हणता येईना.

या वेळी मोटार निम्म्या वेळात परत आली, तीही वाऱ्यासारखी. दौलतचा चेहरा फुलला होता. शेजारी रणधीरराव मडक्याला कवटाळून, डोळे गच्च मिटून बसले होते. एवढ्या थंडीत कपाळावर घाम, आणि उजव्या गुडघ्यावर दुधाचे दोन-चार ओघळ. सुंद्राने पुन्हा चार गोळे थापले. चारी जसेच्या तसे राहिले! टाकीत काठी घालून पाहिली, तर पेट्रोल आधीच्या खेपेच्या निम्मंच जळलेलं.

रणधीरराव मडक्यासकट खाली उतरले. त्यांनी एकदा उजव्या गुडघ्याकडे पाहिलं, एकदा दांड्याकडे पाहिलं. दरबारी मंडळी पुढे सरकली.

"चोर कोण?" त्यांनी हळूच विचारलं.

 सुंद्राने पदर सावरला आणि मान खाली घातली.

"सरकार, चोराचं हात म्या दुधाच्या मडक्याला बांधलं, आन् चोरी थांबली. आता मडकं कुणाच्या मांडीवर हुतं, ते म्या कसं सांगू? राजाच्या अंगाकडं बघायचं न्हाई, असा तुमचाच रिवाज हाय."

 रणधीरराव असे खदखदून हसले, की उरलेलं दूध त्यांच्या जोड्यांवर सांडलं.

"अगं, वाघापुढे आम्ही पाय रोवून उभे राहतो," ते डोळे पुसत म्हणाले, "पण त्या टेकडीच्या घाटातल्या वळणांवर धरायला काहीतरी नको का?"

दौलतला तिथल्या तिथे जरीचा फेटा बांधला गेला आणि सुंद्राच्या गोठ्यात राजवाड्यातली दुभती म्हैस पाठवायचा हुकूम सुटला. सुंद्राने मुजरा केला आणि हात पुढे केला.

"तेवढं माझं मडकं द्या, सरकार."

रणधीररावांनी मडकं छातीशी घट्ट धरलं.

"म्हैस ने, हवी तर दुसरीही ने! पण मडकं मिळायचं नाही. उद्या घाटात आम्ही काय धरू?"