मागच्या दाराचा कॅमेरा

"तार बदलली. कॅमेरा दोनदा बदलला. मग आता दोष उरला कुठे, चाचा?"

निखिलेश जाचकच्या आवाजात प्रश्न कमी होता, चीड जास्त.

इब्राहिमचाचा आत्तार टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झालेले. फलटणमध्ये ते आता कॅमेरे बसवायचं काम शिकवत. निखिलेश त्यांच्याकडे दीड वर्षापासून होता. पदविकेला कॉलेजात पहिला आलेला, आणि हे कुणाला विसरू न देणारा.

घर निकते सरांचं होतं. सर चित्रकलेचे शिक्षक. दोन वर्षांपासून त्यांना कधी कधी स्वतःचं घरही ओळखू येत नसे. मागच्या दारानं निघायचे आणि सरळ कालव्याची वाट धरायचे.

म्हणून त्यांच्या पत्नी कुमुदिनीबाईंनी निखिलेशकडून दोन कॅमेरे बसवून घेतले. एक पुढच्या दारावर, एक मागच्या.

पण पुढचं चित्र आलं की मागचं जायचं. मागचं आलं की पुढचं.

परवा सर कालव्याच्या भरावावर सापडले. एका ओळखीच्या बाईनं हाताला धरून घरी आणलं. ते निघाले तेव्हा टीव्हीवरचा मागच्या दाराचा चौकोन काळा होता.

चाचा खुर्चीवर बसले. कुमुदिनीबाईंनी दिलेलं पाणी प्यायले. मग म्हणाले, "पुढच्या कॅमेऱ्याची तार काढ."

"पुढचा चांगला आहे. बिघाड मागच्याचा आहे."

"काढ."

निखिलेशनं तार काढली.

"आता लॅपटॉपवरून त्यालाच हाक मार."

"कुणाला?"

"ज्याची तार काढलीस त्याला."

निखिलेश हसला. "चाचा, तो बंद आहे. बंद पडलेला उत्तर कसा देईल?"

चाचांनी लॅपटॉप त्याच्याकडे सरकवला.

निखिलेशनं पुढच्या कॅमेऱ्याचा नेटवर्कवरचा पत्ता टाईप केला. शेवटचा आकडा १०८. क्षणभर काहीच नाही…

मग उत्तर आलं. पुन्हा आलं. ओळींमागून ओळी येत राहिल्या.

तो हातातल्या सुट्या तारेकडे बघत राहिला.

"कोण बोलतंय?" चाचांनी विचारलं.

"…मागचा."

"पुढच्याचा पत्ता काय आहे?"

"पाठ आहे मला. १०८."

"मागच्याचा?"

"दोन्ही एकाच कंपनीचे, एकाच मॉडेलचे…"

तो थांबला. कारखान्यातून निघताना त्या मॉडेलच्या प्रत्येक कॅमेऱ्याला हाच पत्ता दिलेला असतो, हे त्याला माहीत होतं. परीक्षेत त्यानं ते लिहिलंही होतं. मागच्या दारावर त्यानं तीन कॅमेरे लावले, आणि तिन्ही १०८ वरच आले. एकाचाही पत्ता त्यानं उघडून बघितला नव्हता.

"आता एकटाच आहे तो," चाचा म्हणाले. "आत्ताच पत्ता बदलून घे. राऊटर आपला आपण वाटतो ते आकडे सोडून दुसरा दे."

"५२ देतो."

"आधी विचार, ५२ वर कुणी राहतं का."

निखिलेशनं विचारलं. कुणी बोललं नाही. त्यानं मागच्या कॅमेऱ्याला ५२ दिला. तो बंद होऊन पुन्हा सुरू होईपर्यंत थांबला. टीव्हीला जोडलेल्या रेकॉर्डरमध्ये नवा पत्ता भरला. मग पुढच्याची तार जोडली.

टीव्हीवर दोन्ही चौकोन उजळले. पाच मिनिटं झाली. दहा झाली. एकही गेला नाही.

कुमुदिनीबाई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी पदरानं डोळे टिपले.

"काय झालं होतं रे?"

"काकू, नेटवर्कमध्ये जरा तांत्रिक…"

चाचांनी फक्त वर बघितलं.

निखिलेशचे कान लाल झाले. "माझी चूक होती, काकू. दोघांनाही मी एकाच पत्त्यावर ठेवलं होतं. कॅमेऱ्यांत काही बिघाड नव्हता. परवा सर गेले, ते…"

त्यानं लॅपटॉप मिटला.

"चहा ठेवते," बाई म्हणाल्या आणि आत गेल्या.

निखिलेश टीव्हीसमोर बसला. मागच्या दाराचा चौकोन त्यानं मोठा केला. पायरी दिसत होती, तुळस दिसत होती, वाळत घातलेल्या टॉवेलची किनारसुद्धा.

दार उघडलं. निकते सर बाहेर आले. अंगात इस्त्रीचा सदरा, पायात काही नाही. पायरी उतरून ते फाटकाकडे निघाले.

"बघा, चाचा!" निखिलेश पुढे झुकला. "काय स्वच्छ दिसतंय! सदऱ्याची बटणंसुद्धा मोजता येतील."

"दिसतंय ना?" चाचा म्हणाले. "मग ऊठ."